नाक न मुरडणारा सर्जन

पोट साफ होत नाही, ही तक्रार आमच्या ओपीडीत रोज ऐकू येते. तक्रार एकच, पण तिचे अर्थ अनेक. कुणाला चार-चार दिवस होतच नाही. कुणाला रोज होते, पण खडा धरतो. कुणी दिवसातून तीनदा जाऊन येतो, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहतं. आणि कुणाला खरं तर जुलाब होत असतात. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारतो, की मळ दिसायला कसा असतो? इथे गाडी अडते. काका खाली बघतात, मावशी पदर तोंडाशी नेतात, तरुण मुलं हसतात. बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं.

यावर तोडगा म्हणून माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे. त्यावर मळाची सात चित्रं आहेत. पेशंटने फक्त बोट ठेवायचं. बोट पहिल्या-दुसऱ्या चित्रावर पडलं तर आतड्यांची चाल मंद आहे, सहाव्या-सातव्यावर पडलं तर फार वेगवान, हे मला कळतं. तोंडातून एक शब्दही काढावा लागत नाही. वैद्यकात हा कागद ब्रिस्टल तक्ता म्हणून ओळखला जातो, कारण तो इंग्लंडमधल्या त्या शहरातल्या डॉक्टरांनी बनवला. पण मळ ही बघण्यासारखी, मोजण्यासारखी आणि चारचौघांत बोलण्यासारखी गोष्ट आहे, हे डॉक्टरांच्या गळी ज्याने उतरवलं, तो माणूस त्याआधीचा. त्याचं नाव डेनिस बर्किट.

बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी आयर्लंडमधल्या एनिस्किलन या गावी झाला. वडील सरकारी अभियंते होते. रस्ते-पूल ही त्यांची नोकरी आणि पक्षी हा त्यांचा छंद. घराच्या आवारातल्या रॉबिन पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवायची, कोणता पक्षी कुठपर्यंत फिरतो ते टिपायचं आणि त्याचा नकाशा काढायचा, असं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. पक्षी-अभ्यासात ते नाव आजही घेतलं जातं. साधी गोष्ट चिकाटीने मोजावी आणि नकाशावर मांडावी, हे मुलाने बहुधा घरातच पाहिलं.

अकराव्या वर्षी मुलांच्या दगडफेकीत चष्म्याची काच फुटली आणि बर्किट यांचा उजवा डोळा कायमचा गेला. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी एका डोळ्यावर काढलं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी आधी अभियांत्रिकीला प्रवेश घेतला होता, पण वर्षभरातच ते वैद्यकाकडे वळले. १९३५ मध्ये डॉक्टर आणि १९३८ मध्ये एडिंबरोची फेलोशिप घेऊन सर्जन झाले. ते अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि आफ्रिकेत जाऊन काम करायचं त्यांच्या मनात होतं. वसाहतींच्या वैद्यकीय सेवेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा एका डोळ्याचा सर्जन नको म्हणून तो नाकारला गेला. दुसरं महायुद्ध आलं तसे ते लष्कराच्या वैद्यकीय दलात गेले आणि पूर्व आफ्रिकेत पोहोचले. युद्ध संपल्यावर मात्र त्याच सेवेने त्यांना घेतलं आणि १९४६ मध्ये ते युगांडात रुजू झाले.

पहिली नेमणूक उत्तरेकडच्या लिरा या आडगावी होती. तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. हायड्रोसील, म्हणजे अंडकोशात पाणी साठण्याचा विकार, जिल्ह्याच्या पूर्व भागात खूप आणि पश्चिम भागात अगदी कमी होता. दुसरा एखादा सर्जन ऑपरेशनं करत राहिला असता. बर्किट यांनी माणसं मोजली, फरक मांडला आणि तो प्रसिद्धही केला. रोग कुणाला होतो इतकंच नाही, तर तो कुठे होतो आणि कुठे होत नाही, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसला.

पुढे ते कंपालाच्या मुलागो रुग्णालयात आले. १९५७ मध्ये तिथले ज्येष्ठ फिजिशियन ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना एक पाच वर्षांचा मुलगा दाखवला. त्याचे दोन्ही जबडे दोन्ही बाजूंनी सुजले होते. एकाच वेळी चारही ठिकाणी गाठ, हे काही नेहमीचं दुखणं नव्हतं. काही आठवड्यांनी जिंजा या गावच्या रुग्णालयात गेलेले असताना त्यांना खिडकीतून बाहेर एक मूल दिसलं. तोच चेहरा, तशीच सूज. ते तडक बाहेर गेले आणि मुलाला तपासलं. त्याच्या पोटातही गाठी होत्या. एखादं उदाहरण चमत्कारिक म्हणून सोडून देता येतं, दोन सोडता येत नाहीत. त्यांनी जुनी कागदपत्रं उलटली, शवविच्छेदनाच्या नोंदी पाहिल्या आणि १९५८ मध्ये लहान मुलांच्या या कर्करोगावर शोधनिबंध लिहिला. आज वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी तो रोग बर्किट लिम्फोमा या नावाने शिकतो.

मग पुन्हा तोच प्रश्न : हा रोग कुठे होतो? त्यांनी आफ्रिकाभरच्या रुग्णालयांना छापील पत्रकं पाठवून विचारलं. उत्तरं पुरेशी वाटली नाहीत, तेव्हा १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये जुनी स्टेशन वॅगन घेऊन ते दोन डॉक्टर मित्रांसह कंपालाहून दक्षिणेकडे निघाले. दहा आठवडे, सुमारे सोळा हजार किलोमीटर, पन्नासहून अधिक रुग्णालयं. प्रत्येक ठिकाणी सुजलेल्या मुलांचे फोटो दाखवायचे आणि असं पाहिलंय का, एवढंच विचारायचं. त्यातून जो नकाशा तयार झाला, त्यात रोग उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशातच होता, थंड उंच डोंगराळ भागांत नव्हता. मलेरियाचा नकाशाही जवळजवळ तसाच. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला त्यांनी व्याख्यान दिलं, तेव्हा श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन हे संशोधक होते. त्यांनी गाठींचे नमुने मागवून घेतले आणि १९६४ मध्ये त्यांत एक विषाणू सापडला. माणसाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू. आज त्याला एप्स्टाइन-बार म्हणतात.

इथेच थांबले असते तरी बर्किट यांचं नाव राहिलं असतं. १९६६ मध्ये ते लंडनला परतले. पंचावन्न वर्षांचे होते, कीर्ती मिळाली होती. पण त्यांना सगळ्या जगाने ज्याबद्दल नाक मुरडावं, असं काम आता सुरू व्हायचं होतं.

१९६७ मध्ये त्यांची गाठ नौदलातले निवृत्त डॉक्टर पीटर क्लीव्ह यांच्याशी पडली. क्लीव्ह यांचं म्हणणं असं होतं, की मैदा आणि साखर यांसारख्या चोथा काढून टाकलेल्या खाण्यामुळे पाश्चात्त्य देशांतले अनेक रोग होतात. बर्किट यांना वीस वर्षांचा आफ्रिकेतला अनुभव आठवला. अपेंडिक्सची सूज, पित्ताशयातले खडे, मोठ्या आतड्याला फुगे येण्याचा विकार, मूळव्याध, मोठ्या आतड्याचा कर्करोग ही दुखणी लंडनच्या सर्जनच्या रोजच्या यादीत होती. युगांडाच्या खेड्यांत ती क्वचित दिसत. आफ्रिकेतल्या रुग्णालयांशी त्यांची ओळख होतीच. त्यांनी पुन्हा पत्रकं पाठवायला सुरुवात केली. दर महिन्याला शंभराहून अधिक रुग्णालयांकडून साधी माहिती यायची, की या महिन्यात यातले किती रोगी आले.

पण रोग मोजून भागणार नव्हतं, कारण तपासायचं होतं. अन्न आतड्यातून किती वेळात बाहेर पडतं आणि किती मळ तयार होतो, हे मोजायला हवं होतं. त्यासाठीची पद्धत साधी होती. क्ष-किरणांत दिसणारे प्लास्टिकचे बारीक तुकडे माणसाला गिळायला द्यायचे. नंतरचा सगळा मळ पिशव्यांत गोळा करायचा, वजन करायचं, पिशव्यांचा एक्स-रे काढायचा आणि कोणत्या पिशवीत किती तुकडे आले ते मोजायचे. यात अवघड होतं ते लोकांना तयार करणं. दक्षिण आफ्रिकेतले अलेक वॉकर आणि लंडनचे सर्जन नील पेंटर हे त्यांचे साथीदार होते. युगांडाचे खेडूत, दक्षिण आफ्रिकेतली शाळकरी मुलं, ब्रिटिश नौदलातले खलाशी, बोर्डिंगचे विद्यार्थी आणि दक्षिण भारतातल्या परिचारिकासुद्धा या मोजणीत होत्या.

१९७२ मध्ये तिघांनी निष्कर्ष लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ब्रिटिश खलाशांचा मळ दिवसाला सुमारे शंभर ग्रॅम भरत होता आणि अन्नाला बाहेर पडायला तीन दिवसांहून अधिक लागत होते. युगांडाच्या खेडुतांचा मळ त्याच्या चौपट-साडेचारपट होता आणि तो दीड दिवसात बाहेर पडत होता. भारतीय परिचारिका या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होत्या. खेडूत कंद, केळी, डाळी, भरड धान्य खात होते, खलाशी पांढरा पाव.

चोथ्याचं काम काय, हे आज आपल्याला अधिक नेमकं माहीत आहे. आपण जो कोंडा, साली आणि पालेभाज्यांचे धागे खातो, ते लहान आतड्यात पचत नाहीत. त्यातला काही भाग पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ राहतो. काही भागावर मोठ्या आतड्यातले जिवाणू जगतात. मळातलं पाणी वगळलं, तर उरलेल्याचा जवळजवळ निम्मा भाग हे जिवाणूच असतात. चोथा फोडून ते जी आम्लं बनवतात, त्यांतलं एक आतड्याच्या अस्तराचं अन्न आहे. चोथा कमी पडला की मळ थोडा होतो, आतड्यात रेंगाळतो, जितका रेंगाळतो तितकं पाणी शोषलं जातं आणि शेवटी खडे उरतात. खडा बाहेर काढायला कुंथावं लागतं. बर्किट यांच्या मते मूळव्याधीसारखी दुखणी या कुंथण्यातून येत होती. उकिडवं बसण्याची पद्धत आतड्यांना सोयीची, हेही ते सांगत.

पुढची वीस वर्षं ते जगभर व्याख्यानं देत फिरले. आफ्रिकेच्या खेड्यांत सकाळी कॅमेरा घेऊन काढलेले मळाचे फोटो ते पडद्यावर दाखवत. सुटाबुटातले प्राध्यापक आधी चुळबुळत, मग हसत, आणि मग ऐकू लागत. ज्या देशात मळ लहान तिथे रुग्णालयं मोठी लागतात, अशा आशयाचं ते काहीतरी नेहमी सांगत. १९७९ मध्ये त्यांनी चोथ्यावर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं. इंग्लंड-अमेरिकेत कोंड्याचा खप वाढला, न्याहारीच्या डब्यांवर चोथ्याचं प्रमाण छापलं जाऊ लागलं. टर आणि सन्मान दोन्ही त्यांच्या वाट्याला आलं. १९७२ मध्येच ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले होते आणि अमेरिकेचा लास्कर पुरस्कारही मिळाला होता. पण तो कर्करोगाच्या कामासाठी, मळाच्या नव्हे.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं नाही, हेही सांगायला हवं. आफ्रिका आणि इंग्लंड यांत फक्त चोथ्याचा फरक नव्हता. आयुर्मान, मांसाहार, वजन, श्रम, तपासणीच्या सोयी हे सगळंच वेगळं होतं. व्हेरिकोज व्हेन्सचा संबंध त्यांनी चोथ्याशी लावला होता, तो टिकला नाही. आतड्याच्या फुग्यांबाबतही चित्र त्यांना वाटलं होतं तितकं सरळ नाही. चोथ्याने मोठ्या आतड्याचा कर्करोग टळतो का, यावर १९९९ आणि २००० मध्ये अमेरिकेतून नाही अशी उत्तरं आली, तर २००३ मध्ये युरोपच्या मोठ्या पाहणीतून होय असं आलं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी १८५ पाहण्या आणि ५८ चाचण्या एकत्र करून पाहण्यात आल्या. त्यात दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यूही कमी आढळले. म्हणजे तपशिलात बर्किट काही ठिकाणी चुकले, पण बोट त्यांनी योग्य जागी ठेवलं होतं.

ब्रिस्टलच्या तक्त्याशी त्यांचा धागा इथे जुळतो. त्या शहरातले पोटविकारतज्ज्ञ केन हीटन हे चोथ्याच्या अभ्यासातले त्यांचे सहकारी होते. १९८५ मध्ये ट्रॉवेल, बर्किट आणि हीटन यांनी मिळून या विषयावर मोठा ग्रंथ संपादित केला. हीटन यांच्यापुढे अडचण अशी होती, की तुकडे गिळायला देणं, पिशव्या गोळा करणं, एक्स-रे काढणं हे दवाखान्यात कोण करणार? त्यांनी ब्रिस्टलच्या पूर्व भागातल्या सुमारे १,९०० लोकांची पाहणी केली. रोज एकदा ठरावीक वेळी जाणं, ज्याला आपण सगळे नॉर्मल समजतो, ते तिथे फक्त ४० टक्के पुरुष आणि ३३ टक्के स्त्रियांतच आढळलं. मग किती वेळा यापेक्षा कसा, याकडे लक्ष गेलं. स्टीफन लुईस आणि हीटन यांनी ६६ लोकांना एकदा जुलाबाचं, एकदा आतड्याची चाल मंदावणारं औषध देऊन पाहिलं. मळाच्या रूपावरून आतड्याच्या वेगाचा अंदाज, किती वेळा होते त्यापेक्षा चांगला बांधता येतो, असं दिसलं. १९९७ मध्ये तक्ता प्रसिद्ध झाला. बर्किट ते पाहायला नव्हते. २३ मार्च १९९३ रोजी, ८२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं होतं.

तो तक्ता असा. पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे. दुसरा, तेच खडे एकत्र चिकटून झालेला लांबट गाठाळ मळ. तिसरा लांबट, पण वर भेगा असलेला. चौथा सोललेल्या केळ्यासारखा मऊ, गुळगुळीत. पाचवा मऊ, सुट्या गोळ्यांचा. सहावा फाटक्या कडांचा लगदा. सातवा निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा चांगले. पहिले दोन बद्धकोष्ठतेचे, शेवटचे दोन जुलाबाचे. पाचवा अधूनमधून झाला तर काळजी नाही.

बर्किट मला आवडतात त्याला एक वैयक्तिक कारणही आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक पन्नाशीच्या बाई पोट साफ होत नाही म्हणून तीनदा माझ्याकडे आल्या. तिन्ही वेळा मी जुलाबाचं चूर्ण लिहून दिलं. गर्दी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही संकोच वाटला. मळाचं रूप सहा महिन्यांत बदललंय का, रक्त दिसतं का, हे मी विचारलंच नाही. त्यांनाही रक्त म्हणजे मूळव्याधच वाटली होती, म्हणून त्या बोलल्या नाहीत. चौथ्यांदा त्या आल्या तेव्हा पोट फुगलेलं होतं आणि मोठ्या आतड्यातली गाठ यकृतापर्यंत गेली होती. त्या वाचल्या नाहीत. काचेखालचा कागद त्यानंतर आला.

तक्त्याने कर्करोग ओळखता येत नाही, हे ध्यानात ठेवा. तो फक्त आतड्याचा वेग सांगतो आणि बोलायला तोंड उघडून देतो. फ्लश करण्याआधी एकदा पाहायची सवय ठेवली, तर आपलं नेहमीचं काय आणि बदललेलं काय ते कळतं. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर हा बदल तीन-चार आठवडे टिकला, मळात रक्त दिसलं, लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखा काळा मळ झाला, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन घटलं, जुलाबाने रात्री झोपेतून उठावं लागलं, किंवा घरात आई-वडील, भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झालेला असेल, तर मूळव्याध समजून घरी बसू नका. तरुण वयातही रक्त दिसलं तर दाखवा.

आणि बोट पहिल्या-दुसऱ्या चित्रावर पडत असेल, तर आधी ताटाकडे पाहा. ज्वारी-बाजरीची भाकरी, न चाळलेल्या पिठाची पोळी, उसळी, पालेभाजी, सालासकट फळं हे सगळं आपल्याकडे आहेच. ते हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं तर पोट फुगतं. सोबत पाणी हवंच. शौचाची भावना झाल्यावर काम आटोपून जाऊ म्हणून थांबू नका. दोन-तीन आठवड्यांत चित्र तिसऱ्या-चौथ्याकडे सरकलं नाही, तर टीव्हीवरच्या चूर्णाच्या नादी लागण्याऐवजी डॉक्टरांकडे जा. गेल्यावर मात्र फक्त पोट साफ होत नाही एवढंच सांगू नका. तो कसा असतो, तेही सांगा.